मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : परिणामकारकता मोजायची कशी?

अनुसूचित जाती व बौद्ध विद्यार्थ्यांना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणारा सर्वांत मोठा सरकारी आधार म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही योजना १९४४ मध्ये सुरू झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला १९९० उजाडले. म्हणजे हा हक्क आयता मिळालेला नाही, म्हणूनच त्याचा हिशेब मागणे आपले काम आहे.

सरकार दरवर्षी सांगते : इतके अर्ज मंजूर, इतके कोटी वाटप. हा खर्चाचा हिशेब झाला. परिणाम पाहायचा तर चार प्रश्न विचारावे लागतात.

१. कोणापर्यंत पोहोचली?

२०१३ मध्ये ठरलेली अडीच लाखांची वार्षिक उत्पन्नमर्यादा २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांतही तशीच राहिली. आईवडील मिळून महिन्याला २१ हजार कमावत असले, तरी मूल मर्यादेबाहेर जाते. महाराष्ट्रात अशांना फ्रीशिप मिळते. तिच्यात फी माफ होते, पण निर्वाह भत्ता नसतो.

२. वेळेवर मिळाली का?

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. राज्याने आपला वाटा दिल्यावरच केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. एक टप्पा लांबला की पुढचाही लांबतो आणि कॉलेज मात्र फीसाठी विद्यार्थ्यालाच धरते. माझ्याकडे आलेल्या अभियांत्रिकीच्या एका मुलाची रक्कम वर्ष उलटून गेले तरी आली नव्हती. कॉलेजने मूळ कागदपत्रे अडवली आणि हातची नोकरी गेली. पुढे पैसे जमा झाले. सरकारी नोंदीत तो आज 'लाभार्थी' आहे.

३. रक्कम पुरते का?

साध्या पदवीला घरी राहून शिकणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये भत्ता मिळतो, म्हणजे महिन्याला २५०. वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० मिळतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० ठरली. निव्वळ भत्त्यावर शहरात राहता येत नाही, याची ही सरकारनेच दिलेली कबुली आहे.

४. शिक्षण पूर्ण झाले का?

केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार अनुसूचित जातींचे विद्यार्थी २०१४-१५ मध्ये सुमारे ४६ लाख होते, ते २०२१-२२ मध्ये ६६ लाखांवर गेले. उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २५.९ टक्के झाले, तर सर्व समाजांचे मिळून ते २८.४ टक्के होते. वाढ खरी आहे. पण हे आकडे प्रवेशाचे आहेत, पदवीचे नाहीत. शिवाय ही वाढ शिष्यवृत्तीमुळेच झाली, असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी एका वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी शेवटपर्यंत पाहावी लागते : किती जण दुसऱ्या वर्षाला गेले, किती पास झाले, कितींनी मध्येच सोडले आणि का.

आपण काय करू शकतो?

आपल्या जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्त कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. विचारायचे ते एवढेच : मागील तीन वर्षांत अर्ज किती आले, नामंजूर किती व कोणत्या कारणाने, आणि पैसे कोणत्या महिन्यात जमा झाले? सोबत आपल्या वस्तीत, विहारात येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींची साधी यादी करा : प्रवेशाचे वर्ष, रक्कम मिळाल्याची तारीख, सध्या कोणत्या वर्षाला. शिक्षण सोडलेल्यांची नावे त्यातून गाळू नका, कारण योजना कुठे कमी पडली ते त्यांच्याकडूनच कळते.