अनाथगृहातील स्तेफाबाई

लोकोपयोगी संस्थांचा इतिहास बहुधा संस्थापकाच्या चरित्राच्या रूपाने लिहिला जातो. कल्पना कोणाला सुचली, वर्गणी कोणी जमविली, इमारतीची कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, इतके सांगून झाले म्हणजे इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. अनाथगृहाच्या बाबतीत ही रीत विशेषच अपुरी पडते. शाळा दिवसातून पाच-सहा तास भरते आणि सुटते. रुग्णालयातला रोगी बरा होऊन आपल्या घरी जातो. परंतु अनाथगृह हेच ज्या मुलाचे घर, त्याला मध्यरात्री ताप भरला तर उशाशी कोण बसते, सकाळी अंथरूण ओले निघाले तर चारचौघांत त्याची लाज कोण राखते, ह्यावर त्याचे सारे बालपण अवलंबून असते. हे काम करणारे माणूस संस्थापक क्वचितच असते. देवकीचे नाव वंशावळीत लागते. पण रांगत्या मुलामागून धावण्याचे श्रम यशोदेच्या वाट्याचे असतात.

युरोपच्या इतिहासात ह्याचे एक जुने उदाहरण आहे. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्वित्झर्लंडातील श्टान्स गाव उद्ध्वस्त केले. तेथील निराधार मुलांसाठी जानेवारी १७९९ मध्ये पेस्टालोझी ह्या थोर शिक्षकाने एक अनाथगृह उघडले. सुमारे ऐंशी मुले त्याच्याभोवती जमली. जूनमध्ये इमारत सैनिकी रुग्णालयासाठी घेतली गेली आणि तो प्रयोग संपला. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ह्या पाच महिन्यांना मोठा मान आहे. घरकाम पाहणाऱ्या एका बाईखेरीज मदतीला कोणी नव्हते, असे पेस्टालोझीने स्वतःच सांगितले आहे. मात्र ऐंशी मुलांची चूल पेटती ठेवणाऱ्या त्या बाईचे नाव ग्रंथांत सहसा कोणी घेत नाही.

पुढे १८३३ मध्ये हाम्बुर्गजवळ विखेर्न नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने 'राउहेस हाउस' ही संस्था काढली, तेव्हा ह्या कामाकडे पाहण्याची दृष्टी थोडी पालटली. मोठ्या बराकीत मुले कोंडण्याऐवजी त्याने सुमारे बारा-बारा मुलांची 'कुटुंबे' केली आणि प्रत्येक कुटुंबात रात्रंदिवस राहणारा एक वडीलभाऊ नेमला. ह्या भावांना तयार करण्याची सोय त्याने संस्थेतच केली. पहाऱ्यासाठी शिपाई पुरतो. परंतु मुलाच्या सहवासात राहणाऱ्या माणसाला शिक्षण लागते, हा विचार येथे मूळ धरू लागला.

तो विचार पूर्णत्वास गेलेला पाहावयाचा असेल, तर विसाव्या शतकातील पोलंडात जावे लागते. वॉर्सा शहरातील क्रोखमाल्ना रस्त्यावर १९१२ मध्ये ज्यू मुलांसाठी एक अनाथगृह सुरू झाले. त्याचे संचालक डॉक्टर यानुश कोर्चाक ह्यांची कीर्ती आज जगभर आहे. हे त्यांचे लेखनातील नाव. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून मुख्य शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या त्या स्तेफानिया विल्चिन्स्का. मुले त्यांना 'पानी स्तेफा' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत 'स्तेफाबाई'.

बाईंचा जन्म १८८६ मध्ये वॉर्सातील एका सुखवस्तू ज्यू घराण्यात झाला. बेल्जममधील लिएज येथे त्यांनी सृष्टिशास्त्रांचा अभ्यास केला. परत आल्यावर अनाथ मुलांच्या एका आश्रयस्थानात त्या विनावेतन काम करू लागल्या. तेथेच १९०९ च्या सुमारास कोर्चाक ह्यांची गाठ पडली आणि नव्या घराची कल्पना दोघांनी मिळून साकार केली. घर उघडले तेव्हा बाई अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. साध्या काळ्या पोशाखातील आणि पांढऱ्या गळपट्टीतील त्यांची आकृती पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या आठवणीत कायमची राहिली.

शंभरावर मुलांचे घर चालविणे म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. जोडे कोणाचे फाटले, कोणाला खरूज झाली, कोणाचा डबा कोणी लपविला, ह्या गोष्टी ग्रंथात येत नाहीत. पण घर त्यांनीच बनते किंवा मोडते. कोर्चाक ह्यांच्या बुद्धीतून नवनव्या योजना निघत. त्या उद्या सकाळी सात वाजताही चालतील की नाही, हे पाहणे बाईंच्या वाट्यास येई. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि कोर्चाक ह्यांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून जावे लागले. ते परतले १९१८ मध्ये. 'मुलावर प्रेम कसे करावे' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ ह्याच काळात, सैन्याच्या छावणीत, लिहिला गेला. त्या वर्षांत मुलांना भूक आणि रोगराई ह्यांतून सांभाळून नेण्याचा भार एकट्या स्तेफाबाईंवर होता. ग्रंथ राहिला, ती चार वर्षे कोणी लिहून ठेवली नाहीत.

ह्या घराची सर्वांत विलक्षण व्यवस्था म्हणजे मुलांचे न्यायालय. ज्या मुलांवर त्या आठवड्यात तक्रार नसेल, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. त्यांच्या संहितेतील कलमांचे आकडे हजारापर्यंत जात. परंतु पहिली नव्याण्णव कलमे केवळ क्षमा करण्याच्या किंवा खटला सोडून देण्याच्या निरनिराळ्या रीती सांगत. मोठ्या माणसांवरही तेथे फिर्याद होऊ शके. सहा महिन्यांत आपण स्वतः पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिलो, असे कोर्चाक ह्यांनी नमूद करून ठेवले आहे. एकदा मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. न्यायालयाचा चिटणीस मात्र शिक्षकांपैकी असे. त्याने साक्षी गोळा कराव्या, वाचून दाखवाव्या, निकाल लिहावा. मत देण्याचा अधिकार त्याला नसे. अशा घरात काम करणाऱ्या माणसाचा धर्म ह्या एका नियमात सामावला आहे असे मला वाटते. सर्व ऐकावे, सर्व टिपावे, आणि मुलाच्या आयुष्याचा निकाल आपल्या हाती आहे असे मानू नये.

१९२३ पासून ह्या घराला जोडून तरुण उमेदवारांचे एक वसतिगृह चालू झाले. विद्यार्थी आणि घरातूनच मोठी झालेली काही मुलेमुली तेथे राहत. राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात त्यांनी रोज काही तास मुलांत काम करावयाचे आणि काय पाहिले, कोठे चुकले, कोठे अडले, ते वहीत लिहावयाचे. त्या वह्या स्तेफाबाई वाचीत आणि समासात उत्तरे लिहीत. मुलांचा सांभाळ केवळ मायेच्या बळावर होत नाही. ते निरीक्षणाने शिकण्याचे आणि दुसऱ्याकडून तपासून घेण्याचे काम आहे, असा ह्या वह्यांमागील विश्वास होता.

बाईंचे चित्र निर्दोष रंगविण्याचे कारण नाही. त्या कडक होत्या, आणि त्यांचा धाक वाटे असे सांगणारे माजी विद्यार्थी पुष्कळ होते. मूल साधारण चौदा वर्षांचे झाले की त्याला घर सोडावे लागे. बाहेर गरिबी आणि ज्यूद्वेष वाट पाहत असे. आपल्याला उबेत वाढवून एकदम थंडीत लोटले, अशी तक्रार काहींनी केली, आणि ती खोटी म्हणता येत नाही. आजही निराधार मुलांच्या संस्थांपुढील अवघड प्रश्न हाच आहे.

१९३१ पासून बाई काही वेळा पॅलेस्टाइनला गेल्या होत्या. आइन हारोद येथील सामुदायिक वसाहतीत त्यांना घर आणि काम दोन्ही मिळाले होते. तरी १९३९ च्या वसंत ऋतूत, युद्धाचे ढग दिसत असताना, त्या वॉर्साला परतल्या. युद्ध सुरू झाल्यावर वसाहतीतील मित्रांनी त्यांना बाहेर काढण्याची खटपट केली. मुलांना सोडून आपण येणार नाही, असे बाईंनी कळविले.

१९४० च्या अखेरीस जर्मनांनी अनाथगृहाला ज्यूंच्या कोंडवाड्यात हलविले. तेथे मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली. १८ जुलै १९४२ रोजी त्या उपाशी मुलांनी एक नाटक केले, ते रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाची ही कथा बंगालमधून त्या कोंडवाड्यापर्यंत पोहोचली होती. नाटक बसविणारी एस्तेर्का विनोग्रोन ही घरात मदत करणारी तरुणी होती. थोड्याच दिवसांत तिला रस्त्यावरील धरपकडीत नेण्यात आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलांची पाळी आली. कोर्चाक, स्तेफाबाई आणि घरातील इतर सेवक मुलांबरोबर चालत आगगाडीपर्यंत गेले. त्रेब्लिंका येथून त्यांतील कोणी परत आले नाही.

जगाने ह्या शेवटच्या वाटचालीची चित्रे आणि स्मारके केली, ते योग्यच झाले. तथापि त्या प्रसंगाच्या तेजाने त्यामागील तीस वर्षे दिसेनाशी होतात. बाईंचे पोलिश भाषेतील चरित्रही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सात दशके उलटल्यावर. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम सर्वांस ठाऊक आहे. त्या आश्रमाचे अंतर्गत घर पाहणाऱ्या आणि त्याच्यासाठी परदेशापर्यंत वर्गणी मागत हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' किती घरांत वाचली जाते?

त्यागाची स्तुती करण्यात एक सोय असते. जो त्यागी, त्याला पगार, विश्रांती, शिक्षण आणि मदतीचा दुसरा हात लागत नाही, अशी आपण आपली समजूत घालून घेतो. आपल्या बालगृहांतील गृहमाता आणि काळजीवाहक ह्यांच्याकडे समाज अजून ह्याच नजरेने पाहतो. स्तेफाबाईंच्या चरित्राने ही समजूत ढळावी. त्यांचे मरण कोणी कोणाकडून मागू नये. पण समासात उत्तरे लिहिलेली ती वही मात्र प्रत्येक बालगृहात असावी. मुलाच्या उशाशी जागणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी तीत दोन ओळी लिहाव्या, आणि त्या वाचणारे कोणी असावे.