पीएफ, पाच वर्षे आणि आयकर

पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर कर का लागतो? राजारामपुरीतील नोकरी बदलणाऱ्या मित्रांकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून हा थ्रेड.

१९२५ चा भविष्य निर्वाह निधी कायदा मुख्यतः सरकारी व रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी होता. त्यातील सक्तीच्या ठेवीवर सावकाराला जप्ती आणता येत नसे. निधीभोवतीचे पहिले कुंपण सावकाराविरुद्ध होते. १९२९ च्या कायद्याने खासगी आस्थापनांच्या मान्यताप्राप्त निधींना आयकरात सवलत दिली. सामान्य कामगारापर्यंत ही व्यवस्था पोहोचली १९५२ मध्ये. आरंभीच्या सहा उद्योगांत कापडगिरण्या होत्या. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात रुजवला तो हाच उद्योग. वर्गणी होती सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा.

दुसरे कुंपण खुद्द खातेदाराविरुद्ध. १९६१ च्या आयकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सलग पाच वर्षांच्या सेवेची अट घातली गेली. ती मोडली की निधीला मान्यता कधी नव्हतीच असे मानून मागील वर्षांचा कर पुन्हा मोजायचा! माझ्या मते करकायद्यातील ही सर्वांत विलक्षण कल्पना.

समजा, उद्यमनगरातील एका कामगाराने चौथ्या वर्षी नोकरी सोडून ८८,००० रुपये काढले. त्यात स्वतःची वर्गणी ६०,०००, तिच्यावरील व्याज ६,०००, मालकाचा हिस्सा २०,००० व त्यावरील व्याज २,०००. शेवटचे २२,००० पगार म्हणून करपात्र, ६,००० इतर उत्पन्न म्हणून. ६०,००० वर थेट कर नाही. मात्र त्यांवर पूर्वी ८०सीची वजावट घेतली असेल तर ती रद्द होते. रक्कम ५०,००० च्या वर असल्याने टीडीएस कापला जातो, पण टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. अनेकांची गफलत इथेच होते.

२९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात तर पुढील वर्गणीतून साठणाऱ्या रकमेचा ६० टक्के भाग, ॲन्युइटीत न गुंतवल्यास, निवृत्तीनंतरही करपात्र करण्याचा प्रस्ताव होता. देशभर विरोध झाला आणि ८ मार्चला अरुण जेटली यांनी तो मागे घेतला.

पाच वर्षांच्या अटीला अपवाद आहेत. आजारपण, मालकाचा धंदा बंद पडणे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरचे अन्य कारण असेल तर कर नाही. गिरणी बंद पडताना पाहिलेल्या घरांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. आणि नोकरी बदलताना पीएफ न काढता नव्या खात्यात वर्ग केला, तर आधीची सेवाही पाच वर्षांत मोजली जाते.