रायगडचा राजवाडा कोठें गेला?



अक्कलकोटच्या राजघराण्याचें शस्त्रागार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. स्वामीमहाराजांच्या दर्शनास आलेला यात्रेकरूही वेळ काढून तेथें डोकावून जातो. परंतु ज्या घराण्याचीं तीं शस्त्रें, त्याच्या उदयाची कथा अक्कलकोटांत सुरू होत नाहीं. ती सुरू होते रायगडावर, एका राजवाड्यांत. आणि तो राजवाडा आज नाहीं. त्या नाहींशा झालेल्या राजवाड्याविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

इ. स. १६८९ च्या मार्च महिन्यांत संभाजीमहाराजांचा वध झाला. एप्रिलांत राजाराममहाराज गड उतरून निसटले आणि नोव्हेंबरांत रायगड मोगलांच्या हातीं पडला. महाराणी येसूबाई व सात वर्षांचे शाहूराजे हे या राजवाड्यांतून निघाले ते बादशहाचे कैदी म्हणून. पुढचीं साडेसतरा वर्षें शाहूराजांचें घर म्हणजे औरंगजेबाच्या फिरत्या छावणींतला एक तंबू. १७०७ सालीं बादशहा वारल्यावर त्यांची सुटका झाली व ते स्वदेशाकडे येऊं लागले. वाटेंत पारद नांवाच्या गांवीं चकमक उडाली. गांवचा पाटील सयाजी लोखंडे तींत पडला, आणि त्याच्या विधवेनें आपलें लहान मूल राजांपुढें ठेवून अभय मागितलें. राजांनीं तें मूल आपलें म्हणून उचललें, विजयाची खूण म्हणून त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें, त्याला भोसले हें आपलें आडनांव दिलें आणि पुढें अक्कलकोटचा मुलूख दिला. ज्याचें घर बालपणींच हिरावलें गेलें त्यानें एका पोरक्या पोराला घर द्यावें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

याच फत्तेसिंहबाबांचा रायगडाशीं पुन्हा एकदां संबंध आला. १७३३ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीवर ज्या फौजा कोंकणांत उतरल्या, त्यांत बाजीराव पेशव्यांबरोबर तेही होते. आणि त्याच मोहिमेंत, जून महिन्यांत, प्रतिनिधींच्या लोकांनीं रायगड हस्तगत केला. चव्वेचाळीस वर्षांनीं शाहूमहाराजांचें बालपणींचें घर स्वराज्यांत परत आलें. त्या वेळीं महाराज साताऱ्यास राज्य करीत होते. राजधानी तेथें रुजली होती. ती पुन्हा रायगडीं गेली नाहीं.

तो राजवाडा होता तरी कसा? जगदीश्वराच्या देवळाशीं हिरोजीचा शिलालेख आहे, शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्याच सालचा. त्यांत विहिरी, तळीं, बागा, रस्ते, गजशाळा व राजवाडे आपण शिवछत्रपतींच्या आज्ञेनें बांधल्याचें तो सांगतो, आणि हें सर्व चंद्रसूर्य असेपर्यंत शोभत राहो अशी इच्छा व्यक्त करितो. दुसरी साक्ष परक्याची. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा १६७४ च्या मे महिन्यांत पाचाडास येऊन राहिला होता, कारण महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडीं गेले होते. पुढें ६ जूनला त्यानें दरबार पाहिला. सिंहासनाच्या दोहों बाजूंस भाल्यांच्या टोंकांवर लाविलेलीं राजचिन्हें त्यानें टिपून ठेविलीं आहेत. सोन्याच्या मत्स्यांचीं मुखें, अश्वपुच्छें, न्यायाचा सोन्याचा तराजू. बाहेर आल्यावर दाराशीं दोन लहान हत्ती व दोन पांढरे घोडे दिसले. इतक्या अवघड वाटेनें हीं जनावरें वर आलीं कशीं, हें कोडें त्या व्यापाऱ्याला शेवटपर्यंत उलगडलें नाहीं. (आजचा प्रवासी दोरीच्या पाळण्यांत बसून कांहीं मिनिटांत वर जातो, त्याला हें कोडें पडतच नाहीं.)

आज तेथें उभें काय आहे? नगारखान्याचें भव्य द्वार आहे. त्याच्या आंत सुमारें २२० फूट लांब व १२४ फूट रुंद असा राजसभेचा चौक आहे व त्याच्या टोंकाला सिंहासनाचा चौथरा. मागच्या अंगास राजवाड्याचें मोठें जोतें. एका रांगेंत राण्यांच्या महालांचीं जोतीं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र शौचकूप व पाणी वाहून जाण्याची दगडी सोय. जमिनीखालीं एक खोली आहे, तिला खलबतखाना म्हणतात. पालखी दरवाजा, मेणा दरवाजा व गंगासागराच्या कांठचे मनोरे हेंही शिल्लक आहे. परंतु खांब नाहींत, तुळ्या नाहींत, छप्पर नाहीं.

शाळेंतलें पुस्तक याचें उत्तर एका वाक्यांत देतें: इंग्रजांनीं राजवाडा जाळला. मी मुलांना तें वाक्य वर्षानुवर्षें पाठ करावयास लावीत असें. वाक्य खोटें नव्हे, पण अपुरें आहे. १८१८ च्या एप्रिलअखेर लेफ्टनंट कर्नल प्रॉथर यानें गडाला वेढा घातला. बाजीरावांची पत्नी वाराणशीबाई तेव्हां गडावर होत्या. पोटल्याच्या डोंगरावरून व इतर ठिकाणांहून उखळी तोफांचे गोळे गडावर येऊं लागले, मे महिन्याच्या आरंभीं मोठी आग लागली आणि १० मे रोजीं गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आग अकरा दिवस धुमसत होती असें तिकडे सांगतात.

आतां जरा बांधकामाकडे पाहूं. आपले जुने वाडे म्हणजे खालीं घडीव दगडाचें जोतें, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर लांकडी खांब, खांबांवर तुळ्या, आणि मधल्या भिंती विटामातीच्या. सारा भार लांकडावर. अशा घराला आग लागली म्हणजे प्रथम छप्पर जातें. छप्पर गेलें कीं भिंतींना रक्षण उरत नाहीं, आणि रायगडावरचा पाऊस म्हणजे सोलापूरकडच्या माणसाच्या कल्पनेबाहेरची गोष्ट! मे महिन्यांत आग, जूनमध्यें मृग. एकदोन पावसाळ्यांत विटांची पुन्हा माती झाली असेल. उरलें तें जोतें.

म्हणून मी म्हणतों कीं आगीनें लांकूड नेलें, पावसानें भिंती नेल्या, आणि बाकीचें आपल्या विस्मरणानें. १८१८ नंतर सुमारें पासष्ट वर्षें या जागेकडे ना सरकारनें पाहिलें ना आपल्या लोकांनीं. १८८३ सालीं जेम्स डग्लस नांवाच्या इंग्रजानेंच समाधीची दुर्दशा पुस्तकांतून मांडली, तेव्हां आपण खडबडून जागे झालों. १८९५ सालीं टिळकांनीं निधि उभारला आणि पुढच्याच वर्षीं रायगडावर पहिला शिवोत्सव झाला. इंग्रजी तोफांना दोष देतांना हा मधला काळ विसरूं नये. जाळणारे परके होते. पुढें पासष्ट वर्षें पाठ फिरविणारे आपणच होतों.

आतां एक नाजूक प्रश्न. हा राजवाडा होता तसा पुन्हा उभारावा, अशी इच्छा वरचेवर बोलून दाखविली जाते. तीमागील भावना मला समजते. पण ‘होता तसा’ म्हणजे कसा? पोलंडच्या वॉर्सा शहरांतील राजवाडा १९४४ सालीं जर्मनांनीं सुरुंगांनीं उडविला आणि पोलिश लोकांनीं तो १९७१ ते १९८४ या काळांत पुन्हा बांधला. त्यांच्यापाशीं मोजमापें होतीं, छायाचित्रें होतीं, जुन्या चित्रकारांचीं चित्रें होतीं, ढिगाऱ्यांतून वांचविलेले कोरीव तुकडेही होते. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं पेटला, तरी त्यांतील गणेश रंगमहालाच्या दरबाराचें चित्र डॅनियल या इंग्रज चित्रकारानें काढलेलें आहे. रायगडच्या राजवाड्याचें, तो उभा असतांनाचें, एकही चित्र नाहीं. मजले किती, खांब साधे कीं सुरूदार, छप्पर उतरतें कीं गच्चीचें, हें सारें तर्कानेंच ठरवावें लागेल. तो तर्क ज्या जोत्यांवर उभा राहील, तींच आपल्याजवळची एकमेव खरी साक्ष. कोरी करकरीत इमारत बांधून तीच झांकून टाकावी, हें माझ्या मनास पटत नाहीं.

त्यापेक्षां जोत्यांचीच भाषा वाचावी. गेल्या कांहीं वर्षांत गडावर उत्खननाचें काम चालू झालें आहे व गाडलेल्या वाड्यांचे पाये मोकळे होऊं लागले आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत रायगड आहे. जाणारांची गर्दी आतां वाढेल. जाणारानें बरोबर एक मोजपट्टी न्यावी. राजसभेंत उभें राहून नगारखान्यापासून चौथऱ्यापर्यंतचें अंतर स्वतः मोजावें. दोन सोबत्यांनीं दोन टोंकांस उभें राहून हळू बोलून पाहावें. एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकूं येतो. मग राण्यांच्या महालांकडे जावें, आणि कोणत्या दारानें सात वर्षांचें तें मूल बाहेर पडलें असेल, तें प्रत्येकानें आपल्याशीं ठरवावें. मेणा दरवाजा तिकडूनच खालीं उतरतो.