चांदीच्या खांबाला टेकून

बुऱ्हाणपूरच्या सूतबाजारात आल्या आल्या कार्ड काढणाऱ्याला आम्ही नवखा समजतो. मुरलेला माणूस गादीवर येतो, रामराम नाहीतर सलाम करतो, पाणी पितो आणि मग सहज एक नाव टाकतो, 'मालेगावच्या अमक्या सेठनी पाठवलंय.' कार्ड निघतं ते उठताना. मी सुताची दलाली करतो. माझ्या गल्ल्यात रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे पडलेत. त्यातले बरेचसे चेहरे विसरलो, पण कोणाला कोणी आणलं होतं ते सांगू शकतो. जपानात म्हणे कार्ड दोन्ही हातांनी देतात, दोन्ही हातांनी घेतात, वाचतात आणि त्याच्यावर काही खरडणं उद्धटपणा मानतात. आमच्याकडे देणाऱ्याच्या देखत कार्ड उलटं करून पाठीवर भाव लिहितात, आणि कोणाला राग येत नाही. कोरं कार्ड खिशात गेलं तर मात्र समजावं, सौदा होणार नाही.

या गावात परक्या माणसाने ओळख कशी द्यावी, याचा सगळ्यात मजेदार तंटा १६१५ सालचा आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला सुरतेहून अजमेरला निघाला होता. १४ नोव्हेंबरला तो बुऱ्हाणपुरात पोहोचला. कोतवाल लवाजम्यानिशी, पुढे निशाणं नाचवत सामोरा गेला, सराईच्या दारापर्यंत पोहोचवून त्याने निरोप घेतला. दार दगडी, देखणं. आत चार खोल्या, भट्टीएवढ्या आणि भट्टीसारख्याच वरून गोल, असं रोने रोजनिशीत वैतागून लिहिलंय. शाही वकिलाचा मान दारापर्यंतच होता म्हणायचा.

त्या वेळी दख्खनच्या मोहिमेचा नावाचा प्रमुख शाहजादा परवेझ इथे होता. १८ नोव्हेंबरला रो त्याच्या भेटीला गेला. शंभरेक घोडेस्वार दोन्ही बाजूंना उभे, आतल्या चौकात उंच सज्जात छत्राखाली शाहजादा. एक अंमलदार पुढे आला आणि म्हणाला, टोपी काढून डोकं जमिनीला टेकवा. मुघल दरबारात अभिवादनाची कवायतच होती. कोर्निश म्हणजे उजवा तळहात कपाळाला लावून मान लववणं. तस्लीम म्हणजे उजव्या हाताची पाठ जमिनीवर ठेवून हळूहळू उभं राहत तळहात डोक्यावर नेणं. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फझलने हे नीट लिहून ठेवलंय. रो म्हणाला, मी शाहजाद्याचा मान राखायला आलोय, चाकरांचे नियम मला लागू नाहीत. आणि सरळ पुढे गेला. कठड्यापाशी त्याने आपल्या रीतीने मुजरा केला, शाहजाद्यानेही अंग लववलं.

मग घासाघीस सुरू झाली ती जागेची. रोने विचारलं, वर येऊन शेजारी उभा राहू का? उत्तर आलं, इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी ते जमणार नाही. रो म्हणाला, ते आले तर आपण दारापर्यंत सामोरे जाल, याची मला खात्री आहे. मला त्यांच्या वकिलांएवढाच मान हवा. तो आहेच, असं सांगण्यात आलं. मग खुर्ची मागितली. इथे कोणी कधी बसलेलं नाही. शेवटी मेहरबानी म्हणून एवढी सवलत मिळाली, की छत्राला आधार देणाऱ्या, वरून चांदीने मढवलेल्या खांबाला त्याने टेकावं. दलालाच्या नजरेने पाहिलं तर हा उत्तम तोडगा आहे. बसलाही नाही, उभाही नाही. दोघांचाही भाव पडला नाही.

काम मात्र चटकन झालं. इंग्रजांना बुऱ्हाणपुरात वखार घालू द्यावी, अशी विनंती होती. शाहजाद्याने बक्षीला तिथल्या तिथे आज्ञापत्र लिहायला सांगितलं. (रो त्याला फर्मान म्हणतो. राजपुत्राच्या आज्ञापत्राला खरं तर निशाण म्हणत, फर्मान बादशहाचंच, परक्या माणसाला एवढा बारकावा कुठून ठाऊक?) नंतर नजराणा दिला. त्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. दुसऱ्या जागी, कमी थाटात भेटू, असं सांगून शाहजादा आत गेला. रो ताटकळत राहिला, आणि मग निरोप आला की आज भेट होणार नाही. स्वारीला चढली होती. रोला त्याच रात्री ताप भरला.

रो हुशार होता. परवेझकडे नुसती शोभा आहे, कारभार सगळा खानखानाच्या हातात आहे, हे त्याने लगेच टिपलं. हा खानखाना म्हणजे अब्दुल रहीम, आपल्याला दोह्यांमुळे माहीत असलेला रहीम. जमिनीखालून गावात पाणी आणणारा कुंडी भंडारा त्याच्याच काळातला. मोठ्या पाटीच्या माणसाला भेटायचं आणि काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं, हे आमच्या गिऱ्हाइकांना पहिल्याच फेरीत शिकावं लागतं.

पण दरबार हा या गावाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा सराफांचा. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, पार पोलंडपर्यंत जाते, असं फ्रेंच व्यापारी तावेर्नियेने सतराव्या शतकात लिहिलंय. सुरतेवरच्या हुंडीचे दरही त्याने दिलेत: बुऱ्हाणपूरला शेकडा २.५ ते ३, ढाक्याला १०. या हुंडीतच माझ्या मते आमच्या कार्डाचं मूळ आहे. शहाजोग हुंडी येईल त्याला पैसे देत नाही. बाजारात ज्याची पत आहे अशा 'शहा'च्या हाती दिली तरच ती पटते, आणि पैसे चुकीच्या माणसाला गेले असं पुढे निघालं तर त्या शहाने ते व्याजासह परत करायचे. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी. आणि समोरच्या पेढीने हुंडी नाकारलीच तर? त्यासाठी जिकरी चिठ्ठी असे. 'माझ्या अब्रूखातर ही तुम्ही पटवा' अशी, त्या गावातल्या तिसऱ्याच भल्या माणसाच्या नावाने. कागदावर तुमचं नाव बारीक, त्याचं ठळक.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आलं आणि ओळखीचा कागद मोडीत लिहिला जाऊ लागला. तिथे सगळा जीव मायन्यात. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' कोणाला, नुसतं 'राजश्री' कोणाला. नमस्कार, दंडवत की आशीर्वाद. यात कारकून चुकला तर मजकूर वाचण्याआधीच माणूस दुखावला. इंग्रजांची पांढरी, नक्षी नसलेली कार्डं त्यानंतर आली. त्या कार्डांवर हुद्दा असे, जामीन नसे. आमच्या छापखान्यांनी ती घेतली आणि वर गणपती, नाहीतर बिस्मिल्लाहचा ७८६, कोपऱ्यात 'प्रो.', मागे मालाची यादी घालून आपलीशी केली. बोहरा पेढ्यांची कार्डं तेवढी अजून साधी आणि देखणी असतात.

आता पोरं फोनवरूनच नंबर पुढे ढकलतात. कागद गेला, जोखीम तीच राहिली. माझं नाव सांगून कोणी उधारीवर सूत उचललं आणि हप्ता थकला, तर मिलवाल्याचा पहिला फोन मला येतो, कार्डवाल्याला नंतर. म्हणून एखादा नवा लूमवाला 'भाऊ, तुमचं नाव सांगू का?' म्हणून आला, की मी त्याचं कार्ड बघत नाही. मालेगाव-भिवंडीत कोणाचं किती देणं बाकी आहे, एवढं विचारतो, आणि तो चहा घेईस्तोवर दोन ठिकाणी फोन करतो.