धाब्याचे घर, बीड जिल्ह्यातील

मातीच्या सपाट छताचा, मराठवाड्यात व विशेषतः बालाघाटच्या परिसरात रूढ असलेला पारंपरिक घरप्रकार. या छतास माळवद असेही म्हणतात. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यातील तापमान ४०° से. च्या वर जाते. त्याला तोंड देण्याची व्यवस्था या घराच्या घडणीतच होती. काळ्या पाषाणाच्या, मातीत रचलेल्या भिंती २ फुटांहून अधिक जाड असत. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर सर व किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी छताची रचना असे. घराचा विस्तार खणांत मोजीत. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छतात साणे ठेवीत. दिवसाची उष्णता मातीत सावकाश मुरे व ती आत पोहोचेपर्यंत रात्र होई. तेव्हा माणसे धाब्यावर निजत.

या गुणातच दोषाचे बीज होते. गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकीत, त्यामुळे छताचे वजन वर्षानुवर्षे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशा घरांखाली हजारो माणसे दगावली. छताचा भार लाकडी खांबांवर होता तेथे भिंती ढासळूनही छत अनेकदा उभे राहिले, ही गोष्ट मात्र त्या आघातात फारशी कोणी लक्षात घेतली नाही. धाब्याविषयीचा विश्वास उडाला. लाकूडही महागले होते. त्याच्या जागी पत्रा व सिमेंटचा स्लॅब आला. पत्रा उष्णतेला जवळजवळ अडवीतच नाही. स्लॅब ती साठवून रात्री घरात सोडतो. येथील ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. म्हणजे त्यांच्या वाट्याला घर येते, ते तापलेल्या छताखालचेच.

हा तोटा आता मोजता येतो. ड्रोनवरील उष्मा-कॅमेरा पृष्ठभागातून निघणारे अवरक्त प्रारण टिपतो. सूर्यास्तानंतरच्या चित्रात स्लॅब उष्णता सोडताना स्पष्ट दिसतो. चकचकीत जस्तलेपित पत्रा मात्र फसवितो. त्याची प्रारणक्षमता अल्प असल्याने तो वरच्या थंड आकाशाचेच परावर्तन दाखवितो व प्रत्यक्षाहून पुष्कळ थंड भासतो. त्यामुळे केवळ हवाई चित्रावरून काढलेला निष्कर्ष सर्वांत तापणाऱ्या घरालाच निर्दोष ठरवील. पत्र्याच्या खालच्या बाजूचे तापमानही घ्यावेच लागते. ही मापे, भिंतींची जाडी, साहित्य व दिशा इमारतीच्या संगणकीय प्रतिकृतीत भरली, की चुन्याचा पांढरा लेप, छताखालील उष्णतारोधक थर किंवा मातीचा हलका, मर्यादित थर यांपैकी कशाने किती फरक पडेल, हे खर्च करण्यापूर्वीच अजमावता येते. भूकंपाचा भारही त्याच प्रतिकृतीवर तपासता येतो. धाब्याच्या बाबतीत या दोन्ही कसोट्या एकत्र लावणे अगत्याचे आहे.

निवासी इमारतींसाठीच्या इको-निवास संहितेने (२०१८) छताची उष्णतापारगम्यता दर चौ. मी. व दर अंशामागे १·२ वॉटपर्यंत मर्यादित केली आहे. तथापि ती ५०० चौ. मी. वा अधिक क्षेत्राच्या भूखंडांसाठी असल्याने गावठाणातील बहुतेक घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात. स्वामित्व योजनेखाली (२०२०) महाराष्ट्रातील गावठाणांचे ड्रोनद्वारा मापन हाती घेण्यात आले, ते मिळकतीची सनद देण्यासाठी. त्या नकाशांत छतांच्या सीमा उमटतात; त्यांचे तापमान नोंदविले जात नाही.