‘ऐकू येत नाही’ म्हणजे नेमकं कुठे अडलंय? एका नादकाट्याची गोष्ट

माझ्या टेबलावर पेनांच्या शेजारी दोन टोकांचा एक चिमट्यासारखा काटा असतो. लहान मुलं हमखास विचारतात, “डॉक्टर, हे काय?” शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. तो म्हणजे नादकाटा, आम्ही त्याला ट्युनिंग फोर्क म्हणतो. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि त्याची तपासणी दोन मिनिटांत होते. तरीही बहिरेपणाच्या उपचाराची दिशा ठरवायला आजही मला त्याची मदत होते.

काही महिन्यांपूर्वी एकाच दिवशी दोन पेशंट आले. दोघांची तक्रार एकच होती : “ऐकायला कमी येतंय.”

पहिली तिशीतली एक ताई. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे कान जड झाले होते. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “हिला ऐकू येतं हो, पण मुद्दाम लक्ष देत नाही. आणि बोलते तर इतकं हळू, की आम्हालाच ऐकू येत नाही.” दुसरे एक काका. तीस वर्षं यंत्रमागावर काम केलेले. मुलगा म्हणाला, “मोठ्याने बोललं तर ओरडू नको म्हणतात, हळू बोललं तर काय म्हणालास विचारतात. करायचं तरी काय?” काकांनी चार वर्षं कानात तेल घातलं होतं आणि शक्तीची इंजेक्शनं घेतली होती. त्यांना आता “पडदा बदलून” हवा होता.

तक्रार एक असली तरी दोघांचे आजार वेगळे होते आणि उपायही वेगळे. हे वेगळेपण ओळखायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

जेव्हा सगळा बहिरेपणा एकच होता

जगप्रसिद्ध संगीतकार बीथोव्हेन विशीच्या शेवटी बहिरा होऊ लागला. 1801 मध्ये त्याने आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून लक्षणं कळवली. वाद्यांचे आणि गाण्याचे उंच सूर लांबून ऐकू येत नाहीत, हळू बोलणाऱ्याचा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कुणी ओरडलं तर ते सहन होत नाही, असं त्यात होतं. लोकांना कळू नये म्हणून तो समारंभ टाळत होता. शब्द बदलले, तर ही त्या काकांचीच तक्रार आहे.

आज ही लक्षणं वाचून कानाचा कुठलाही डॉक्टर म्हणेल की दोष आतल्या कानात किंवा नसेत असावा. त्या काळच्या डॉक्टरांनी मात्र त्याच्या कानात बदामाचं तेल घातलं, कोमट आणि गार पाण्याची स्नानं दिली, दंडावर फोड आणणारी साल बांधली. ते डॉक्टर अडाणी नव्हते. दोष कुठे आहे हे जिवंत माणसात पाहायचं साधनच त्यांच्याकडे नव्हतं. 1827 मध्ये बीथोव्हेन वारला. शवविच्छेदनात त्याच्या ऐकण्याच्या नसा सुकलेल्या आढळल्या.

वाद्यवाल्याचा काटा दवाखान्यात आला

नादकाटा डॉक्टरांनी शोधलेला नाही. 1711 च्या सुमारास लंडनमधल्या जॉन शोअर या वादकाने वाद्यं सुरात लावण्यासाठी तो बनवला. पुढे शंभरेक वर्षं तो संगीतातच राहिला.

1834 मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर या शरीरशास्त्रज्ञाने एक गंमत नोंदवली. ती तुम्ही आत्ताच करून पाहा. तोंड मिटून ‘म्‌ऽऽऽ’ असा आवाज काढत राहा आणि एका कानात बोट घाला. आवाज त्याच कानात गेल्यासारखा वाटेल, म्हणजे बंद केलेल्या कानात जास्त मोठा!

असं का होतं? आवाज आतल्या कानापर्यंत दोन रस्त्यांनी पोचतो. एक हवेतून : कानाची नळी, पडदा आणि पडद्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन छोटी हाडं. दुसरा थेट कवटीच्या हाडातून. बोट घातल्यावर हवेचा रस्ता बंद होतो, बाहेरचा गोंगाट येत नाही आणि हाडातून आलेला आवाज आतच घुमतो.

म्हणूनच कंप पावणारा काटा कपाळाच्या मध्यभागी टेकवला आणि पेशंट म्हणाला, “आवाज खराब कानात जास्त येतोय,” तर दोष बहुधा रस्त्यात आहे. तो म्हणाला, “चांगल्या कानातच येतोय,” तर खराब कानाची आतली यंत्रणाच कमजोर आहे.

1855 मध्ये गटिंगनच्या हाइनरिश रिन या डॉक्टरने दुसरी अर्धी बाजू पूर्ण केली. आज ही तपासणी आम्ही अशी करतो : काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, तिथला आवाज थांबला की कानासमोर धरायचा. निरोगी माणसाला तो अजून ऐकू येतो, कारण हवेचा रस्ता हाडापेक्षा चांगला असतो. कानासमोर ऐकू येत नसेल, तर हवेचा रस्ता अडलाय. रिनच्या हयातीत या तपासणीकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आज कान-नाक-घशाचा प्रत्येक विद्यार्थी त्याचं नाव पाठ करतो.

यातून बहिरेपणाचे दोन मोठे प्रकार वेगळे झाले. रस्त्यात अडथळा असेल तर कंडक्टिव्ह म्हणजे वहनाचा बहिरेपणा. आतला कान किंवा नस बिघडली असेल तर सेन्सरीन्यूरल, आपल्या बोलीत ‘नसेचा’ बहिरेपणा. दोन्ही एकत्र असतील तर मिश्र.

रस्ता अडतो तेव्हा

कानातला मळ, पडद्याला भोक, वाहणारा कान, लहान मुलांत पडद्यामागे साचणारं पाणी ही अडथळ्याची नेहमीची कारणं. ताईचा पडदा मात्र स्वच्छ होता. तिला मी विचारलं, “लग्नाच्या वरातीत, बँडच्या आवाजात तुला उलट बरं ऐकू येतं का?” ती चमकून म्हणाली, “हो! पण हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.”

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरने अशाच एका बाईची नोंद केली आहे. जवळ ढोल वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू यायचं. मग तिच्या नवऱ्याने ढोल वाजवणारा नोकरच ठेवला! यात जादू नाही. गोंगाटात समोरचा माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, आणि वाट अडलेल्या कानाला तो गोंगाट फारसा त्रास देत नाही. अशा माणसाला स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. सासूबाईंना वाटणारा ताईचा ‘हट्ट’ हे खरं तर आजाराचं लक्षण होतं.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोसेफ टॉयन्बी या डॉक्टरने मृत व्यक्तींचे हजाराहून जास्त कान उघडून तपासले. त्यांतल्या काहींत रिकीब आपल्या जागी घट्ट चिकटून बसलेली दिसली. शरीरातलं हे सर्वांत छोटं हाड हललं नाही, तर आवाज आत जात नाही. या आजाराला आज ऑटोस्क्लेरोसिस म्हणतात. तो बऱ्याचदा तरुणपणी सुरू होतो, बायकांत जास्त दिसतो, आणि काहींत गरोदरपणात वाढल्याचं लक्षात येतं. टॉयन्बीचा शेवट वाईट झाला. कानातल्या आवाजावर उपाय शोधताना क्लोरोफॉर्मसारखे वायू त्याने स्वतःवरच आजमावले आणि त्यातच 1866 मध्ये तो गेला.

रिकीब हलवायची शस्त्रक्रिया काही डॉक्टरांनी 1870 च्या दशकापासून करून पाहिली. त्या वेळी अँटिबायोटिक्स नव्हती, शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप नव्हता. जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकत होता. 1900 च्या सुमारास मोठ्या तज्ज्ञांनी ही शस्त्रक्रिया धोक्याची आणि निरुपयोगी ठरवली आणि ती मागे पडली.

1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. सॅम्युएल रोझेन दुसऱ्या एका शस्त्रक्रियेच्या तयारीत रिकीब खरंच चिकटली आहे का हे चाचपत होते. ती अचानक सुटली, आणि जागा असलेल्या पेशंटला तिथेच टेबलावर ऐकू येऊ लागलं. 1956 मध्ये अमेरिकेतल्याच मेम्फिसच्या डॉ. जॉन शे यांनी चिकटलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. त्याच शस्त्रक्रियेचं सुधारलेलं रूप आज आपल्याकडेही होतं. ताईसमोर दोन पर्याय होते : ही शस्त्रक्रिया किंवा श्रवणयंत्र. शस्त्रक्रियेत आतल्या कानाला इजा होण्याचा थोडा धोका असतो, हेही तिला सांगितलं. तिने विचार करून शस्त्रक्रिया निवडली. ती आता बरी आहे.

आतली यंत्रणा झिजते तेव्हा

काकांची गोष्ट वेगळी. 1851 मध्ये इटलीच्या अल्फोन्सो कॉर्ती यांनी मायक्रोस्कोपखाली आतल्या कानाच्या शंखाची रचना दाखवली. तिथे केसासारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. त्या आवाजाच्या कंपनाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत त्या उगवतात, हे 1980 च्या दशकात कळलं. म्हणजे आपल्यापेक्षा कोंबडी नशीबवान!

आवाजाने कान जातात हे कारागिरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या रामाझिनी या डॉक्टरने व्हेनिसमधल्या तांबटांबद्दल लिहिलं की दिवसभराच्या ठोक्यांनी त्यांचे कान बिघडतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन आलेल्यांना यात नवल वाटणार नाही. 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे 100 कामगार तपासले. त्यांपैकी एकाचेही कान पूर्ण चांगले नव्हते. यंत्रमाग, डीजे, ढोलपथक, फटाके आणि कानात मोठ्याने वाजणारे इअरफोन याच यादीतले आहेत.

वाढतं वय, काही विषाणू, मेंदूज्वर आणि काही औषधं यांनीही या पेशी मरतात. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं, आणि ते वापरात येताच काही रुग्णांचा तोल आणि ऐकणं जातं हे लक्षात आलं. म्हणून अशी इंजेक्शनं चालू असताना कानाची तपासणी करून घ्यावी लागते.

या प्रकारात बहुधा उंच सूर आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजनं त्या पट्टीत येतात. त्यामुळे आवाज येतो, पण ‘साठ’ की ‘आठ’ ते कळत नाही. आणि ओरडलं तर तो आवाज बोचतो. पडदा शाबूत असल्यामुळे काकांना पडद्याची शस्त्रक्रिया करून काहीच मिळणार नव्हतं. तेल तर पेशींपर्यंत पोचतही नाही. त्यांचा उपाय श्रवणयंत्र हाच होता, आणि तो चार वर्षं लांबला.

श्रवणयंत्राला काका “म्हाताऱ्याचं यंत्र” म्हणत. पूर्वी कर्णे होते, मग टेबलावर ठेवायची पेटीएवढी यंत्रं आली. 1952 च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बसवलेलं पहिलं यंत्र विकायला आलं आणि तिथून ती लहान होत गेली. पण एक गोष्ट अजून तशीच आहे : चष्मा घातला की लगेच दिसतं, तसं यंत्राचं नाही. बरीच वर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजांची पुन्हा सवय करावी लागते. त्याला काही आठवडे लागतात. काकांनी पहिल्या आठवड्यात यंत्र कपाटात ठेवलं होतं. नातीने रोज तासभर सोबत बसून गप्पा मारल्या, तेव्हा ते कानावर टिकलं.

ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी 1957 मध्ये पॅरिसमध्ये द्जूर्नो आणि एरिएस यांनी नसेला थेट वीज देऊन पाहिली. 1978 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेलं कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. त्यांचे वडील स्वतः कमी ऐकत. जन्मतः बहिऱ्या बाळात हे जितक्या लवकर बसवावं तितका बोलण्यासाठी फायदा जास्त, म्हणून जन्मानंतर लगेच कानाची तपासणी महत्त्वाची. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात काम करते.

प्रत्येकाला यंत्र हवंच असंही नाही. 1880 मध्ये मिलानला भरलेल्या परिषदेने शाळांतून खाणाखुणांची भाषा हटवायचा ठराव केला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना त्याचा त्रास झाला. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारला. मूल बहिरं असेल तर त्याला लवकर *भाषा* मिळाली पाहिजे, मग ती तोंडाची असो की हाताची.

तुमच्यासाठी थोडक्यात

- “कमी ऐकू येतं” यावर आधी औषध विचारू नका, “कुठे अडलंय?” ते विचारा. नादकाटा दिशा दाखवतो, नक्की प्रमाण ऑडिओमेट्रीत कळतं.
- कानात तेल, लसणाचा रस, काडी, पिन घालू नका. पडद्याला भोक असेल तर नुकसान होतं.
- एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर ती तातडीची गोष्ट आहे. “सर्दीमुळे असेल” म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा फायदा जास्त असतो.
- कमी ऐकणाऱ्याशी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, टीव्ही बंद करून, सावकाश बोला. ओरडू नका. न कळलेलं वाक्य तसंच पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा.
- घरात कुणी “मुद्दाम ऐकत नाही” असं वाटलं, तर रागवायच्या आधी एकदा कान तपासून घ्या.

ताईच्या सासूबाई परवा पुन्हा आल्या होत्या, या वेळी स्वतःचे कान दाखवायला.