दरबारी कलम, बाजारी कलम

बेंगळुरात टाऊन हॉलच्या परिसरात सदर पत्रप्पा रस्ता म्हणून एक बाजारपेठ आहे. गावातला माणूस तिला एस. पी. रोड म्हणतो. मुंबईकरास लॅमिंग्टन रोड जसा, तसा बेंगळूरकरास हा रस्ता. तारांची भेंडोळी, बटणे, पंखे, आणि गेली कित्येक वर्षे संगणकाचे सुटे भाग. काही दिवसांपूर्वी भाच्याबरोबर तेथे जाण्याचा योग आला. त्याला संगणकावर खेळ खेळावयाचे होते. आणि त्याहूनही अधिक, स्वतःचा एक लहानसा खेळ रचावयाचा होता. त्यासाठी यंत्र जुळवून घ्यावे असे त्याच्या मनात होते. हातात भली मोठी यादी होती आणि तिच्या अग्रभागी सर्वांत महाग ग्राफिक्स कार्डाचे नाव. दुकानदाराने यादीकडे पाहिलेही नाही. त्याने एवढेच विचारले, “खेळणार काय?”

हा प्रश्न मला फार जुना वाटला. आधी खेळ, मग साधन, हा क्रम आणि त्या दोहोंतले भांडण या प्रांताला नवे नाही. बेंगळुरूपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, म्हैसूरच्या राजवाड्यात, एकोणिसाव्या शतकात खेळांची रचना करणारा एक मोठा कल्पक पुरुष होऊन गेला आणि तो स्वतः राजाच होता.

मुम्मडी कृष्णराज वडियार यांचा जन्म १७९४ चा. टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, इंग्रजांनी त्यांना गादीवर बसविले. आणि १८३१ साली, नगर प्रांतातील बंडाचे निमित्त होऊन, राज्याचा कारभार त्यांच्या हातून काढूनही घेतला. राजपद राहिले, राज्य गेले. पुढची सदतीस वर्षे, म्हणजे १८६८ साली देहावसान होईपर्यंत, हा राजा कारभार परत मिळावा म्हणून झटत होता आणि उरलेल्या वेळात कलेत, ग्रंथांत व खेळांत रमत होता. त्यांच्या नावावर असलेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या प्रचंड ग्रंथाचे नऊ निधी आहेत. त्यांतला शेवटचा ‘कौतुकनिधी’. त्यात पटावरचे व पत्त्यांचे खेळ येतात. बुद्धिबळाच्या घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन सारा पट फिरावा, हे कोडे तर त्यांच्या विशेष आवडीचे होते.

पण मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या गंजिफांविषयी. गंजिफा मोगलांबरोबर या देशात रुजल्या; बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या सुमारास त्यांचा उल्लेख येतो. मोगली जोडात आठ रंग व शहाण्णव पाने असत. आपल्याकडे त्याचा दशावतारी जोड झाला, दहा रंग आणि एकशेवीस पाने, आणि तो सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी जिवंत ठेवला. म्हैसूरच्या राजाला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. त्याने ‘छद’ नावाने तेरा नवे खेळ रचले. सर्वांत लहान छत्तीस पानांचा, सर्वांत मोठा तीनशेसाठ पानांचा. तीनशेसाठ वाटोळी पाने हातात धरणारा, त्यांतली चित्रे ओळखणारा आणि नियम स्मरणात ठेवणारा खेळाडू कोठून आणावयाचा, याची चिंता राजाने फारशी केली असावी असे वाटत नाही.

गंजिफा घडविणारांच्या परिभाषेत दोन शब्द आहेत, दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारी जोड हस्तिदंताचा, कासवाच्या कवचाचा, सोन्याच्या रेषांचा. बाजारी जोड जुन्या कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, वाळवून, वर रंग व लाख चढवून केलेला. नियम दोहोंचे एकच, खेळही तोच. फरक साधनाचा, म्हणजे पर्यायाने खिशाचा. हस्तिदंती जोड आज संग्रहालयांच्या काचेमागे आहेत. बाजारी जोडांनी लोक खेळले. आणि सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले तेव्हा ज्या एका वृद्ध चिताऱ्याच्या हातात ती शिल्लक होती, तो चिंचोक्याच्या खळीचाच कारागीर होता.

संगणकावरच्या खेळाचा इतिहास वाचताना ही दोन कलमे मला वारंवार आठवतात. येथेही खेळ रचणारा एक, साधन घडविणारा दुसरा, आणि तिसरा तो खेळणारा, ज्याच्या खिशावर पहिल्या दोघांचे भवितव्य अवलंबून असते. विशेष म्हणजे पहिले दोघे आज बेंगळुरातच बसलेले आहेत.

साधनाचे प्रथम पाहू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली येथे आपले केंद्र काढले आणि चिपांच्या रेखाटनाची परंपरा या गावात सुरू झाली. इंटेलचा सहा गाभ्यांचा झिऑन प्रोसेसर २००८ साली बाजारात आला, त्याचे रेखाटन बेंगळुरातल्या अभियंत्यांनी केले होते. सुमारे एकशेनव्वद कोटी ट्रान्झिस्टर त्यात होते. तो खेळासाठी नव्हे, मोठ्या सर्व्हरांसाठी होता. परंतु हात येथलेच. ग्राफिक्स कार्डांत अग्रगण्य असलेली एनव्हिडिया २००४ पासून या गावात आहे, आणि एएमडीने २०२३ च्या नोव्हेंबरात आपले जगातील सर्वांत मोठे रेखाटनकेंद्र येथेच उघडले. असे असूनही एस. पी. रोडवरच्या काउंटरवर जे कार्ड ठेवले जाते त्याची चिप तैवानात घडलेली असते, आणि रुपयांतली किंमत डॉलरच्या भावाबरोबर वरखाली होते. २०२१ साली तर आभासी चलनाच्या खाणकामासाठी लोकांनी कार्डांचे साठे केले आणि साध्या खेळाडूला छापील किमतीत कार्ड मिळेनासे झाले. २०२२ च्या सप्टेंबरात ईथर या चलनाने ती पद्धत सोडली, तेव्हा कोठे बाजार थंडावला. ज्या गावात यंत्राचा मेंदू रेखाटला जातो, त्याच गावातला मुलगा तो मेंदू विकत घेताना खिसा चाचपतो.

आता खेळ रचणाऱ्याकडे वळू. येथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेचे नाव प्रथम घेतले पाहिजे. राजेश राव यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेंगळुरात ती स्थापन केली. भारतातील पहिल्या खेळनिर्मिती संस्थांत तिची गणना होते. टॉमस फ्रीडमन यांनी सपाट झालेल्या जगावरचे आपले २००५ चे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात राव यांची हकीकत आहे. चार्ली चॅप्लिनच्या प्रतिमेचे मोबाइल खेळांसाठीचे हक्क या बेंगळुरी संस्थेने मिळविले होते, याचे लेखकाला मोठे नवल वाटलेले दिसते. उमेद मोठी होती यात शंका नाही. परंतु पोट भरले ते दुसऱ्याच कामावर. परदेशी स्टुडिओ खेळ योजीत, त्यांतल्या मोटारी, इमारती, झाडे, शस्त्रे बेंगळुरात रेखाटली जात. ‘फोर्झा’ या शर्यतीच्या खेळातल्या मोटारी ज्यांनी पळविल्या असतील, त्यांना आपण ज्या गाडीत बसलो आहोत तिचा पत्रा कोणी ठोकला याची कल्पना नसते. खेळ संपल्यावर पडद्यावरून सरकत जाणाऱ्या नामावळीत ती नावे असतात. पण नामावळी पाहतो कोण?

या कामाला मी कमी लेखीत नाही. दुसऱ्याच्या वाड्यावर नक्षी कोरूनच कारागीर शिकतो, आणि तीन-चारशे चित्रकारांचा पगार दरमहा भागविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण नक्षीकाराचे नशीब वाड्याच्या मालकाबरोबर फिरते. स्टारब्रीझ या स्वीडिश कंपनीने ध्रुव विकत घेण्याचा करार २०१६ च्या डिसेंबरात जाहीर केला. दोन वर्षांत ती कंपनीच अडचणीत आली आणि मे २०१९ मध्ये तिने आपला हिस्सा रॉकस्टारला सुमारे ७९ लक्ष डॉलरांना विकला. बेंगळुरात २०१६ पासून असलेल्या रॉकस्टारच्या शाखेत ध्रुव विलीन झाली. भारतातल्या या अग्रणी संस्थेची विक्री दोन परदेशी कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांत झाली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मूळचा फ्रेंच उद्योगसमूह कोसळला, तेव्हा त्याच्या बेंगळुरू व मुंबई येथील चित्रालयांतल्या सुमारे तीन हजार माणसांवर गदा आली. कामात त्यांची काही चूक नव्हती. पॅरिसमधला पैसा संपला होता.

तेव्हा स्वतःचा खेळ रचणे, ज्याला हल्ली ‘इंडी’ म्हणतात, ही केवळ हौस नव्हे. आपल्या हातच्या कामावर आपले नाव व आपला हक्क असावा, हा त्यातला खरा मुद्दा आहे. आणि हे आज शक्य झाले आहे, कारण खेळ रचण्याची अवजारे फुकट झाली. युनिटीची विनामूल्य आवृत्ती २००९ मध्ये आली, गोडो २०१४ मध्ये मुक्त झाले, अनरियल २०१५ मध्ये. पूर्वी जे इंजिन मोठ्या कंपन्यांच्या कुलपात असे, ते आता विद्यार्थ्याच्या खोलीत उतरू लागले. विक्रीलाही दुकान लागेना. स्टीमवर २०१७ पासून शंभर डॉलर भरून कोणालाही आपला खेळ मांडता येतो.

याचे आपल्या मराठी मुलखातले ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’. अविचल सिंग, श्रुती घोष व इयन मॉड यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी हाक दिली. ठरविलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबले नाही, आणि २०२० च्या ऑगस्टात निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरात संगणकावर खेळ प्रसिद्ध झाला. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वाड्यांची वास्तू, छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेली कथा, आणि भावाला शोधीत निघालेली एक मुलगी. खेळ लहान आहे, चारसहा तासांत संपतो, आणि त्यातल्या लढाया मला काहीशा एकसुरी वाटल्या. पण नामावळीतली पहिली नावे पुण्याची आहेत.

बेंगळुरातही असे लहान गट आहेत. तीन-चार जण, भाड्याचा फ्लॅट, दिवसा नोकरी आणि रात्री खेळ. कर्नाटक सरकारने २०१२ साली अ‍ॅनिमेशन व खेळांच्या उद्योगासाठी देशातले पहिले राज्यधोरण केले, महाराष्ट्राने असे धोरण २०२५ मध्ये मंजूर केले. धोरणे वाचावी तो रोजगार, गुंतवणूक व एकरांचे आकडे. या मातीतून किती खेळ स्वतःच्या नावाने बाहेर पडले, हा आकडा मला कोठे दिसला नाही. ‘गेमिंग’ या शब्दाखाली मध्यंतरी पैशांच्या पैजांचाच मोठा धंदा गावात मांडला गेला होता. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने कायदा करून तो बंद केला. द्यूत आणि क्रीडा यांतला भेद आपल्या पूर्वजांना समजत होता, कायद्याला जरा उशिरा उमगला इतकेच.

या लहान गटांची खरी परीक्षा होते ती साधनापाशी. रचणाऱ्याचे यंत्र बहुधा बलवान असते आणि त्यावर खेळ झोकात चालतो. खेळणाऱ्याचे यंत्र मात्र बाजारी कलमाचे. थोडे गणित पाहावे. सामान्य पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची तर एका चित्रासाठी सोळा-सतरा सहस्रांश सेकंद मिळतो. तेवढ्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरला पाहिजे. ‘फोर-के’ पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, ८२,९४,४००, आणि वेळ मात्र तेवढाच. म्हणून पडदा आधी ठरवावा आणि कार्ड मागाहून. उलटे करणारा माणूस सोन्याच्या रेषांचे पैसे मोजतो आणि चिंचोक्याच्या पानांनी खेळतो. दुसरे, उरलेल्या पैशांत वीजपुरवठ्याचा डबा हलका घेण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात वीज कशी लपंडाव खेळते हे बेंगळूरकराला सांगावयास नको. तिसरे, ज्याला खेळ रचावयाचा आहे त्याने कार्डापेक्षा रॅम व प्रोसेसर यांवर दोन पैसे अधिक टाकावे. इंजिनाला खेळण्यापेक्षा बांधण्याच्या वेळी भूक जास्त लागते.

आणि आपल्या देशात तर सर्वांत बाजारी कलम म्हणजे हातातला फोन. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ज्यांनी संगणक कधी विकत घेतला नसता ते कोट्यवधी लोक खेळाडू झाले. संगणकासाठी रचणाऱ्या गटांना याची खंत वाटते. मला ती पुरती पटत नाही. तीनशेसाठ पानांचा जोड रचण्याची हौस राजाला परवडली. खेळणारे शोधणे त्याच्या चरितार्थाचा भाग नव्हते.

हे सगळे मी भाच्याला त्या दुकानात सांगितले असे नाही. दुकानदाराच्या प्रश्नाला तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “खेळायचं थोडं, करायचं जास्त.” दुकानदाराने यादीतली पहिली ओळ खोडली, मधल्या प्रतीचे एक कार्ड काढले, पडदा साधा १०८० चा दिला, आणि वाचलेल्या पैशांत रॅम दुप्पट केली. हिशेब होत आला तेव्हा भाच्याने विचारले, जुने एखादे कार्ड मिळेल का? त्यावर आपला खेळ चालतो की नाही ते त्याला पाहावयाचे होते. मित्रांची यंत्रे जुनीच आहेत. दुकानदाराने खालचा खण उघडला. त्यात धूळ बसलेले एक ‘१०६०’ होते, २०१६ सालच्या मालिकेतले. स्टीमच्या पाहणीत कित्येक वर्षे तेच कार्ड सर्वाधिक लोकांच्या यंत्रांत आढळत असे. त्याने ते फुंकर मारून पुसले आणि आत ठेवलेल्या यंत्रात बसवून, पंखा फिरतो की नाही ते आम्हांला दाखविले.